फोटोसाठी आवरलेलं मिठागर

माघ लागला की माझी जीभ आपोआप खारट होते. डॉक्टरला सांगितलं तर तो रक्तदाब मोजायला बसेल, म्हणून सांगत नाही. सकाळी दुकानाचं शटर वर केलं की कुंडलिका नदीवरून कोरडा वारा येतो, आमच्या अष्टमी गावातल्या रस्त्यावरची धूळ उडवतो आणि मला कळतं, तिकडे पेणच्या खाडीकाठी आता पाणी तापायला लागलं. लग्नसराईचे ब्लाउज समोर ढिगानं पडलेले असतात. हात मशीनवर चालतात, आणि मनात मी मीठ ओढत बसते. यंदाही तसंच चाललंय. फरक इतकाच की यंदा तिकडे ओढायला मीठ नाही. दादूसच्या, म्हणजे माझ्या थोरल्या भावाच्या मिठागरात पावसाळ्यात खाडी शिरली ती शिरलीच. आता तिथं भरतीला पाणी, ओहोटीला चिखल, आणि कडेकडेनं तिवरांची रोपं उगवलेली. तेव्हा यंदाचा माघ मी मागच्या माघावरच काढते आहे.

मागच्या माघात माझ्या लेकीचे, ऋतुजाचे, फोटो काढले. साखरपुडा झाला की लग्नाआधी जोडप्यानं नटूनथटून कुठंतरी लांब जायचं आणि एकमेकांकडे बघत फोटो काढून घ्यायचे, ही आता रीतच झाली आहे. त्याला प्री-वेडिंग म्हणतात. आमच्या वेळी साखरपुड्यानंतर नवऱ्याकडे नुसतं बघितलं तरी आई चिमटा काढायची, आणि आता बघितलं नाही तर फोटोवाला ओरडतो! मुलगा निडीचा, तेजस, जहाजावर नोकरीला. स्वभावानं गरीब, आणि माझ्यापुढे तर जास्तच गरीब. फोटोवाला पेणचा. त्यानं कर्नाळा सुचवलं, अलिबाग सुचवलं, मुरुडचा किल्ला सुचवला. आमच्या बाईसाहेब म्हणाल्या, "मामाच्या मिठागरात."

फोटोवाला खूश. पांढरंशुभ्र मीठ, वर निळं आभाळ, ड्रोन उडवतो म्हणाला. मी मात्र भडकले. "अगो, लोक गडावर जातात, समुद्रावर जातात, तुला बरा चिखल सापडला!" शेजारच्या काकू हसून म्हणाल्या, "साखरपुडा साखरेत झाला, आता फोटो मिठात होऊ देत." मला हसू आलं नाही. कारण मला जे माहीत होतं ते आमच्या घरात कोणाला माहीत नव्हतं, असं मला वाटत होतं.

साखरपुड्यानंतर थोड्याच दिवसांत दादूसचा फोन आला होता. आधी नेहमीसारखं हवापाणी, गुडघा, वयनीचा खोकला. मग म्हणाला, "सुमे, यंदाचं शेवटचं गो. पुढल्या साली नाय जमायचं." खाडी अडवणारा बाहेरचा बांध त्याच्या आदल्या पावसाळ्यात उधाणानं फुटला होता. आजूबाजूची मिठागरं तेव्हाच गेली. पूर्वी बांध फुटला की सगळा गाव पाटी-फावडं घेऊन उभा राहायचा. आता गावातली पोरं कंपनीत, दादूसचा मुलगाही नागोठण्याला कंपनीत, शिफ्टवर. सुट्टीच्या दिवशी तो झोपेल की बांध घालेल? दादूसनं एकट्यानं आपल्यापुरता मातीचा आडवा बांध घातला आणि एक मोसम अजून काढला. "पुढल्या उधाणाला हा नाय टिकायचा," तो म्हणाला. "पन पोरीला बोलू नको हां. तिचं लगीन हाय. तिच्या कामात आपलं रडगाणं नको." त्याच मिठागरात आता पोरगी घेरदार गाऊन घालून फिरणार होती. दादूसला काय वाटेल या विचारानं माझा जीव वर-खाली होत होता आणि ते बोलायची चोरी. मग मी काय करणार? चिडले. मला दुसरं काही येत नाही.

दादूसला विचारायला ऋतुजानं स्पीकरवर फोन लावला. तो ऐकून घेत होता. मग म्हणाला, "या की. किती माणसं?" आणि लगेच, "चपला बांधावर काढायच्या हां. बाकी काय पन करा."

मिठागरात आम्ही कधीच चपलेनं उतरलो नाही. त्यात देवाधर्माचं फार नव्हतं, वाफ्याचा तळ खराब होतो एवढंच. दिवाळीनंतर पावसाळ्याचा गाळ काढायचा आणि मग तो तळ तुडवायचा. एकमेकींच्या कमरेला हात घालून आम्ही बाया ओळीनं उभ्या राहायचो आणि टाचा आपटत पुढे सरकायचो, पुन्हा मागे, पुन्हा पुढे. तळ असा घट्ट झाला पाहिजे की वरून पाणी सोडलं तरी चिखल उठता कामा नये. आमची जनीआत्या म्हणायची, घरची जमीन एखाद वेळी खडबडीत राहिली तर चालेल, वाफ्याची नाय. टाचांना भेगा पडायच्या, त्यात खारं पाणी शिरायचं, आणि आम्ही आईवरून, बापावरून शिव्या देत हसायचो. माझ्या टाचा अजून तशाच आहेत. पार्लरवाल्या पोरीनं एकदा घासून बघितल्या आणि हात टेकले.

उधाणाला उघाडीतून, म्हणजे बांधातल्या दारातून, खाडीचं पाणी आत घ्यायचं, मोठ्या तळ्यात तापवायचं, मग एका वाफ्यातून दुसऱ्यात. पाणी आधी गढूळ असतं. पुढे पुढे त्याला गुलाबी झाक येते, हाताला जड लागतं. आणि मग एके दिवशी सकाळी त्याच्यावर दुधावर धरते तशी पातळ साय दिसते. ती दिसली की बाबा मोठ्यानं बोलायचे नाहीत. आम्हालाही बोलू द्यायचे नाहीत. जणू पाण्याला ऐकू जाईल! मला लहानपणी खरंच वाटायचं की आपण बडबड केली तर मीठ परत जाईल. त्यामुळे त्या दिवसांत मी शाळेत दुप्पट बोलायचे आणि मार खायचे.

चारी बाजूंना पाणीच पाणी आणि प्यायला थेंब नाही, हे आमचं मिठागर. हंडे गावातून भरून आणायचे. दुपारी बांधावर बसून तांदळाची भाकरी, कांदा, सुका जवळा. वर मीठ लागलं तर हात लांब करायचा. ऊन मिठावरून उलट डोळ्यांत यायचं, म्हणून आमच्याकडच्या सगळ्या जुन्या माणसांचे डोळे बारीक. माझ्या सासूबाईंनी मला पहिल्यांदा बघितलं तेव्हा विचारलं होतं, "मुलीला दिसतं ना नीट?" दादूस पटकन म्हणाला, "तिला जरा जास्तच दिसतं, सांभाळून राहा." लग्न मोडता मोडता राहिलं. मला त्याचा राग आला होता, आणि आता तेच आठवून मी दुकानात एकटी हसते.

तर तो फोटोचा दिवस. आमचे हे सेकंड शिफ्टला, म्हणून मी, ऋतुजा आणि तेजस, तेजसच्या गाडीनं निघालो. तेजसला दुसऱ्याच दिवशी जहाजावर रुजू व्हायला निघायचं होतं, त्यामुळे दिवस हाच. नागोठणं गेलं, कासू गेलं, आणि पेणच्या अलीकडे गाडी खाडीच्या बाजूला वळली तशी मी काच खाली केली. लेक म्हणाली, "आई, केस उडतात." म्हटलं, उडू देत.

बांधावर उतरलो आणि मी जागच्या जागी थांबले. समोर प्लास्टिकच्या खुर्च्या ओळीनं मांडलेल्या. खुर्च्यांवर गावातली जुनी माणसं, जी दादूसबरोबर आणि त्याच्या आधी बाबांबरोबर मिठात राबली ती. पुरुष इस्त्रीच्या पांढऱ्या शर्टात, बाया ठेवणीतली लुगडी नेसून, डोक्यात अबोलीच्या वेण्या. जनीआत्या तर नाकात नथ घालून बसली होती. दादूसनं मुलाच्या लग्नातला सफारी चढवला होता. फावडी, पाट्या, घमेली, काही म्हणजे काही बाहेर दिसत नव्हतं. सगळं खोपीत घालून वर चादर टाकली होती. आणि वाफे? वाफे स्वच्छ, करडे, वर नुसतं बोटभर पाणी. मिठाचा कण नाही. मीठ सगळं ओढून बांधावर ढीग केलेला आणि ढिगावर ताडपत्री, चारी कोपऱ्यांना दगड.

फोटोवाल्यानं इकडं बघितलं, तिकडं बघितलं. "काका, मीठ कुठंय?"

"आवरलं ना," दादूस अभिमानानं म्हणाला. "काल दिवसभर सगळी लागलो होतो. पावणे यायचे म्हटल्यावर घर आवरायचं नाय काय?"

फोटोवाला कॅमेऱ्याचं झाकण काढत-लावत राहिला. मग म्हणाला, "काका, आम्हाला मीठच हवं होतं. पसरलेलं. आणि हे सगळे लोक जरा... काम करताना, साध्या कपड्यांत... तसं नॅचरल." जनीआत्यानं माझ्याकडे बघून विचारलं, "काय म्हनतो गो?" मी म्हटलं, "त्याला आपण घाणेरडे हवे होतो." फोटोवाला कानापर्यंत लाल झाला. पण खोटं काय बोलले?

नवीन मीठ धरायला आठवडा तरी जातो. ऋतुजा "असू दे मामा, असू दे" म्हणत होती आणि तिच्या डोळ्यांतलं काजळ पसरायला लागलं होतं. दादूसचं तोंड मला बघवेना. ज्या माणसानं अख्खा जन्म मीठ धरायची वाट बघितली, त्यानं नेमकं त्याच दिवशी स्वतःच्या हातानं सगळं झाडून ठेवलं होतं, आणि तेही आमच्या कौतुकापायी. आणि हे शेवटचं. पुढच्या वर्षी या म्हणायचीही सोय नाही. मी उगाचच तेजसवर खेकसले, "उन्हात काय उभा राहिलास, टोपी घाल!"

दादूस ढिगाकडे गेला. दगड बाजूला केले. ताडपत्री ओढून काढली. म्हणाला, "परत टाकू."

खुर्च्यांवरची सगळी उठून उभी राहिली. काढलेलं मीठ परत वाफ्यात? आमच्या घराण्यात, आमच्या गावात, असं कधी कोणी केलं नव्हतं. जनीआत्या म्हणाली, "नामदेवा, अरं काय बोलतंस? देव काय म्हणल?"

"देवाला मी सांगतो," दादूस म्हणाला. "पाट्या काढा."

मग जे झालं ते मी जन्मात विसरणार नाही. खोपीतून पाट्या निघाल्या. जुनी माणसं ठेवणीतल्या कपड्यांवर मिठाच्या पाट्या डोक्यावर घेऊन अनवाणी वाफ्यात उतरली. बायांनी लुगडी खोचली. वाफ्यातल्या पाण्यात आधीच एवढं मीठ होतं की टाकलेलं विरत नव्हतं, तसंच वर दिसत होतं. जनीआत्या लग्नात अक्षता टाकाव्या तशी मूठमूठ उधळत होती, आणि दादूस ओरडत होता, "आत्ये, सारखं टाक गो, ढिगळं नको!" वयनी तोंडाला पदर लावून हसत होती. सफारीच्या पाठीवरून पांढरं पाणी ओघळत होतं. हळूहळू करडा वाफा पांढरा झाला. मी बांधावर ऋतुजाच्या गाऊनचा घेर धरून उभी होते, म्हणून मला उतरता आलं नाही. फोटोवाल्यानं या सगळ्याचा एकही फोटो काढला नाही. तो आपला उजेडाची वाट बघत होता.

उन्हं कलली तसे फोटो सुरू झाले. तेजस आणि ऋतुजा पांढऱ्यात उभे, वाऱ्यानं गाऊन फुगलेला, खाली पाण्यात आभाळ. छानच दिसत होतं, नाही कशाला म्हणू? पण दर दोन मिनिटांनी फोटोवाल्याचं चाललेलं, "काका, जरा बाजूला. काका, सावली पडते. आजी, खुर्ची मागे घ्या. काका, फ्रेममध्ये येताय." आणि दादूस आपला सरकतोय. या बांधावरून त्या बांधावर, मग खोपीच्या मागे. स्वतःच्या मिठागरात त्याला उभं राहायला जागा उरली नाही. वर आणि प्रत्येक वेळी म्हणतोय, "सॉरी हां भाऊ, सॉरी."

चौथ्यांदा की पाचव्यांदा तो सॉरी म्हणाला आणि माझं डोकं फिरलं. मी बांधावरूनच ओरडले. "ओ फोटोवाले! तुमची फ्रेम एवढीशीच हाय काय?"

"म्हणजे काकू, ते..."

"माणसं मावत नाहीत ना? मग माणसं कशाला हलवता? तुम्ही मागं व्हा!"

बिचारा मागे झाला. आणखी व्हा म्हटलं, आणखी झाला, आणि एक पाय पाण्याच्या चरात गुडघ्यापर्यंत! ऋतुजा आधी फुटली, मग सगळी. मी ओढून ओढून सगळ्यांना वाफ्याच्या कडेला उभं केलं. मधे ऋतुजा आणि तेजस, त्यांच्या बाजूला दादूस आणि वयनी. दादूस हात शरीराला चिकटवून उभा, शाळेत प्रार्थनेला उभं राहावं तसा. तोच फोटो आता माझ्या लेकीच्या निडीच्या घरात भिंतीवर आहे. ड्रोनचे, गाऊनचे सगळे मोबाइलात पडलेत. भिंतीवरच्या त्या फोटोत दादूसचे डोळे मिटलेले आलेत. दुसरा काढू म्हणाला फोटोवाला, तर दादूस म्हणाला, "नको, आमचे असेच असतात."

फोटोवाला सामान आवरून गेला. ऋतुजा खोपीत जाऊन गाऊन बदलून आली. वयनी सगळ्यांना घरी चहा-पोह्यांना घेऊन गेली. आम्हालाही बोलावलं, पण तेजसला सामान भरायचं होतं. दादूस एकटा बांधावर थांबला. "तुम्ही निघा," म्हणाला. "मी हे आवरून येतो. सकाळपर्यंत राहिलं तर तळाला घट्ट बसेल." जाताना त्यानं ऋतुजाच्या डोक्यावर हात ठेवला. हात ओला होता.

गाडी गाव सोडून डांबरी रस्त्याला लागली. ऋतुजा पुढच्या सीटवरून, मागे न बघता म्हणाली, "आई, तुला एक सांगू? पुढच्या वर्षी मामाचं मीठ नसेल."

"तुला कोणी सांगितलं?"

"मामानंच. साखरपुड्याच्या दिवशी. म्हणाला, आईला सांगू नको, ती रडत बसेल. म्हणून तर मी मिठागर म्हणाले. मला काय अलिबाग माहीत नाही?"

तेजसनं घसा खाकरला. "मलाही सांगितलंय त्यांनी," तो म्हणाला. "ऋतुजाला सांगू नका म्हणाले."

बघा आता! म्हणजे या गृहस्थानं एकेकाला बाजूला घेऊन सांगितलं होतं, आणि प्रत्येकाला दुसऱ्याची शपथ घातली होती. आणि आम्ही तिघं दिवसभर एकमेकांपासून लपवत तिथं हसत होतो. मग मला जनीआत्याची नथ आठवली, ते इस्त्रीचे शर्ट, त्या वेण्या. ही माणसं फोटोसाठी नटली होती असं मी धरून चालले होते. त्यांनाही त्यानं एकेकट्याला सांगितलं असणार. ती मिठागराला भेटायला आली होती. मला रडू आलं, चांगलं मोठ्यानं आलं, आणि मी ते आवरलं नाही.

"गाडी फिरव," मी तेजसला म्हटलं.

त्यानं एक शब्द न विचारता फिरवली. तेव्हाच मी त्याला मनातून जावई म्हटलं.

दादूस वाफ्यात वाकलेला होता. सफारी काढून बांधावर ठेवलेला, अंगात बनियन. आम्हाला बघून सरळ झाला. "काय विसरलं गो?"

"काय नाय," मी म्हटलं आणि साडी खोचली. तेजसनं पँट वर दुमडली, ऋतुजानं ओढणी कमरेला बांधली. दादूस खोपीकडे बोट दाखवून म्हणाला, "फावडी तिकडं हायत." आम्हाला काय माहीत आहे ते आम्ही बोललो नाही, आणि त्यानं विचारलं नाही. लग्न होऊन सासरी गेल्यापासून मी मिठात उतरले नव्हते. तळ पायाला लागला. घट्ट होता, एकदम घट्ट, शेवटच्या मोसमालाही त्यानं तुडवण्यात काही कमी केलं नव्हतं.

मी लांब दांड्याचं फावडं उचललं, दोन्ही हात दांड्याच्या वरच्या टोकाला धरले आणि पुढे ढकललं.

"अगो बय, असं धरतात काय?" दादूस पाण्यातून माझ्याकडे आला. "पार विसरलीस गो तू. कंपनीवाल्याची बायको झालीस." त्यानं माझा डावा हात धरला आणि दांड्यावर खाली आणला, बोटं एकेक करून नीट बसवली. "खाली धर. नि ओढ, ढकलू नको. मिठाला ओढायचं असतं."

"असं?"

"व्हय, असं."

मी विसरले नव्हते. मी मुद्दामच तसं धरलं होतं.